घरून काम की को-वर्किंग? आठ दिवसांत ठरवायचंय

दारामागची | सोमवार, सकाळी ११:०५

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज अडल्यामुळे धागा काढतेय.

आमच्या कंपनीने ऑफिसची जागा सोडायचं ठरवलंय. कंपनी बरी चाललीय, फक्त जागा नकोशी झालीय. प्रत्येकापुढे दोन पर्याय ठेवलेत. एक, घरी टेबल-खुर्ची-मॉनिटर घ्यायला एकरकमी मदत. दोन, जवळच्या को-वर्किंगची (वेगवेगळ्या ठिकाणचे लोक भाडं भरून एकत्र बसून काम करतात ती जागा) वर्षाची फी कंपनी भरणार. दोन्हीतलं एकच, आणि एकदा कळवलं की वर्षभर बदल नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

माझं काम सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. रोज तीन-चार तास सलग डोकं लावावं लागतं, दीड-दोन तास कॉल, उरलेला वेळ इमेल आणि चॅट. घरात आम्ही चौघं : मी, नवरा (सल्लागार आहे, स्वतःचंच काम, तोही घरूनच), पाच वर्षांची लेक आणि सासूबाई. एक छोटी खोली आहे. तिला दार आहे, कडी नाही. सध्या तिथे इस्त्रीचे कपडे राहतात.

आत्तापर्यंत आठवड्यातले दोन दिवस घरून करायचे आणि ते दोन दिवस मला फार प्रिय होते. मग पाचही दिवस घरून म्हटल्यावर पोटात गोळा का येतोय तेच कळत नाहीये. अनुभवी लोकहो, बोला. दोन्हीकडचं ऐकायचंय.

वाटसरू | सोमवार, सकाळी ११:१९

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

घरकोंबडा | सोमवार, सकाळी ११:४२

एवढं विचारात पडण्यासारखं काय आहे? घर घ्या. अकरा वर्षं घरून काम करतोय, नाव बघा माझं.

घरून काम ज्यांचं फसलेलं मी पाहिलंय, ते बहुतेक जण जेवणाच्या टेबलावर बसलेले होते. तुमच्याकडे खोली आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. आधी दाराला आतून कडी बसवून घ्या. कामाचा लॅपटॉप त्या खोलीबाहेर आणायचा नाही, कितीही मोह झाला तरी. आणि सकाळी कामावर 'जायचं'. मी बूट घालून खाली उतरतो, इमारतीला दोन फेऱ्या मारतो आणि मग टेबलाशी येतो. शेजारी आधी हसायचे, आता माझ्यावर घड्याळ लावतात.

अवांतर : चार्ल्स डार्विन १८४२ पासून १८८२ साली जाईपर्यंत घरूनच काम करत होता. घराजवळ मुद्दाम एक वाळूची वाट करून घेतली होती, तिच्यावर रोज फेऱ्या. फेऱ्या मोजायला वाटेवर दगड रचून ठेवायचा आणि दर फेरीला एक उडवायचा. त्याला कोणी को-वर्किंगचा पास विकला असता तर आपण अजून आपले पूर्वज कोण यावर वाद घालत बसलो असतो. (हलकेच घ्या.)

टोचणी | सोमवार, दुपारी १२:०३

डार्विनच्या घरी नोकरचाकर होते आणि मुलांकडे बघायला बायको होती. तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

घरकोंबडा | सोमवार, दुपारी १२:०८

मान्य. तिथे मी आडवा.

आकडेमोडे | सोमवार, दुपारी १:३०

या विषयावर मतं पुष्कळ, मोजमाप कमी. जे नीट मोजलं गेलंय ते सांगतो.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीत स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१० पासून नऊ महिने एक प्रयोग केला. कॉल सेंटरमधले घरून काम करायला राजी असलेले २४९ जण घेतले. ज्यांची जन्मतारीख सम ते घरी, विषम ते ऑफिसात. घरी गेलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातले ९ टक्के निव्वळ जास्त वेळ कामावर बसल्यामुळे, कारण रजा कमी घेतल्या गेल्या आणि मधली उठबस कमी झाली. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाची बाजू घेणारे इथवर सांगतात आणि थांबतात.

पुढचं असं. प्रयोगात यायलाच अट होती की शिफ्टच्या वेळात दुसरं कोणी वापरणार नाही अशी खोली घरात हवी. पाचही दिवस घरी नव्हतेच, एक दिवस ऑफिसात यायचं होतं. सारखंच काम करणाऱ्या दोघांत घरून करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी निघाली. आणि प्रयोग संपल्यावर 'आता तुम्ही निवडा' म्हटलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी जागा बदलली. म्हणजे स्वतःला काय मानवेल याचा त्यांचा सुरुवातीचा अंदाज चुकला होता. गंमत अशी की ही अदलाबदल झाल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला.

त्याच कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, दोन दिवस घर आणि तीन दिवस ऑफिस असा. सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले, आणि कामगिरीत किंवा बढतीत फरक सापडला नाही. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलाय तो निबंध. दारामागचीताई, तुमचे ते प्रिय दोन दिवस म्हणजे हेच. ते प्रिय होते कारण बाकीचे तीन दिवस बाहेर होते. त्यावरून पाच दिवसांचा हिशेब मांडता येत नाही.

टोचणी | सोमवार, दुपारी १:४४

कॉल सेंटरवरून लेखनाचं काय ठरवणार? कॉल मोजता येतात. परिच्छेद मोजून काय करायचंय?

आकडेमोडे | सोमवार, दुपारी १:५१

बरोबर, पहिला प्रयोग लेखनाला तसाच्या तसा लावू नये. दुसऱ्यात मात्र इंजिनियर आणि मार्केटिंगचे लोक होते. माझ्या दृष्टीने यातून दोनच गोष्टी घ्याव्यात : खोलीची अट आणि अंदाज चुकण्याची शक्यता.

सांजसावली | सोमवार, दुपारी ३:२०

आत्तापर्यंत सगळे दादालोक बोलले म्हणून जरा वेगळं बोलते.

माझं घर मोठं आहे, खोली आहे, कडी आहे, खुर्ची उत्तम आहे. तरी घरून काम सोडलं. कारण घरी असलेली बाई ही 'मोकळी' असते. कुरिअरवाला आला, प्लंबर आला, शाळेतून फोन आला, आजोबांना चष्मा सापडत नाही, सगळं माझ्याकडे. माझा नवरा घरून काम करतो तेव्हा सगळं घर दबक्या पावलांनी चालतं. मी करते तेव्हा घर मला विचारायला येतं. आणि यात कोणीही वाईट नाही. मी समोर दिसते, म्हणून विचारतात. दिसलेच नाही की चष्मा आपोआप सापडतो.

को-वर्किंगला जाऊन पहिल्या आठवड्यात माझं काम किती वाढलं ते मोजलं नाही. पण पहिल्यांदाच एका बैठकीत एक आख्खा अहवाल वाचून संपवला, एवढं आठवतंय.

ताई, तुम्ही कडीचं लिहिलंत. कडी घरच्यांना बाहेर ठेवते. आपले कान मात्र बाहेरच राहतात.

दारामागची | सोमवार, दुपारी ४:०२

सांजसावली, पोटातल्या गोळ्याचं कारण तुम्ही सांगितलंत. शेवटचं वाक्य वाचून लिहायचं थांबले होते थोडा वेळ.

आकडेमोडे, खोलीची अट माहीत नव्हती. धन्यवाद.

जुना_खिळा | सोमवार, रात्री ९:१५

मी चार वर्षं एक को-वर्किंग चालवलंय (मालक नव्हतो, व्यवस्था बघायचो). आता तिथे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लांबण लागेल.

जागा बघायला जाल तेव्हा तुम्हाला झाडं, बीनबॅग आणि भिंतीवरची वाक्यं दाखवतील. ती बघू नका. फोन बूथ (कॉलसाठीच्या छोट्या बंद खोल्या) किती आहेत ते मोजा आणि बसायच्या जागा किती ते विचारा. सगळ्यांचे कॉल घड्याळाच्या पूर्ण ठोक्याला सुरू होतात. दहाला पाच मिनिटं कमी असताना बूथसमोर उभे राहा, चित्र स्पष्ट होईल. साठ माणसांना तीन बूथ असतील तर तुमचे दीड-दोन तास कॉल जिन्यात होणार.

'हॉट डेस्क' म्हणजे ठरलेली जागा नाही, जी रिकामी असेल ती. आम्ही खुर्च्यांपेक्षा जास्त पास विकायचो. यात फसवणूक नाही, रोज सगळे येत नाहीत हे धरूनच तो धंदा चालतो. पण मंगळवार-बुधवारी येतात. तेव्हा साडेनऊनंतर आलेल्या माणसाला दाराशेजारची किंवा प्रिंटरशेजारची जागा मिळते. म्हणून ट्रायल दिवस शुक्रवारी घेऊ नका. शुक्रवारी प्रत्येक को-वर्किंग देवळासारखं शांत असतं. 'डेडिकेटेड डेस्क'ला जागा तुमची, मॉनिटर ठेवता येतो, खाली कुलूपवाला कप्पा. रोज लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा कमी घेऊ नये असं माझं मत. कंपनी यातलं नेमकं काय भरणार आहे हे लेखी विचारा. बहुतेक वेळा हॉट डेस्क निघतं.

करारात बघायचं : लॉक-इन (मध्येच सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कोणाच्या नावावर, मीटिंग रूमचे तास महिन्याला किती आणि उरले तर पुढे जातात का (जात नाहीत), एसी किती वाजता बंद होतो. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर काचेच्या इमारतीत बसून दाखवा.

डिपॉझिटबद्दल का म्हणतोय? हा धंदा आतून नाजूक आहे. चालवणारा जागा घेतो दहा-पंधरा वर्षांच्या कराराने आणि तुम्हाला देतो महिन्याच्या कराराने. गिऱ्हाईक महिन्यात जाऊ शकतं, घरमालकाचं भाडं जात नाही. वीवर्क या मोठ्या को-वर्किंग कंपनीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. २०१० ची कंपनी, २०१९ मध्ये शेअर बाजारात यायचं जाहीर करून माघार घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज. दोन-तीन भाड्याच्या मजल्यांवर चालणाऱ्या जागांचं गणित तेच असतं, फक्त बातमी होत नाही.

एवढं सगळं लिहूनही सांगतो, को-वर्किंगची कल्पना मला आवडते. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने ऑगस्ट २००५ मध्ये आठवड्यातून दोन दिवस एक जागा भाड्याने घेऊन हे सुरू केलं. घडीची टेबलं मांडून बसायचा. पहिला महिनाभर कोणी फिरकलं नाही. त्याला नोकरीतली सोबतही हवी होती आणि स्वतःच्या कामाची मोकळीकही. बीनबॅग नंतर आल्या.

दारामागची | सोमवार, रात्री ९:४०

बूथ मोजायचं कधीच सुचलं नसतं! एचआरला विचारलं आत्ताच. हॉट डेस्कच आहे.

जुना_खिळा | सोमवार, रात्री ९:४३

म्हटलं नव्हतं?

वाटसरू | सोमवार, रात्री १०:३०

रुमाल उचलतो.

घर आणि को-वर्किंग अशी दोनच नावं कंपनीने दिली म्हणून आपण दोनच धरून बसलोय. जवळ वाचनालय असेल तर तेही बघा. अमेरिकन लेखिका माया अँजेलो स्वतःचं घर असताना लिहायला हॉटेलात खोली घ्यायची आणि भिंतीवरची चित्रंसुद्धा काढायला लावायची. तिला सोबत नको होती, खुर्चीही नको, पलंगावर आडवी होऊन लिहायची. तिला हवी होती अशी जागा, जिथे दुसरं करण्यासारखं काहीच नाही.

ताई, तुम्हाला त्या जागेकडून काय हवंय? दार, खुर्ची, माणसं, की दिवस संपल्याची खूण? सगळं एकदम विकत घ्यायला गेलात तर निम्म्याचे पैसे फुकट जातात.

कंसातला | सोमवार, रात्री ११:०५

नेटवर्कवाला माणूस, थोडक्यात लिहितो.

को-वर्किंगमध्ये अख्ख्या मजल्याला एकच वायफाय पासवर्ड असेल आणि तो भिंतीवर लिहिलेला असेल तर कंपनीच्या व्हीपीएनशिवाय (नेटवरची ये-जा इतरांपासून झाकणारी जोडणी) काही उघडू नका. कंपनीची काही सर्व्हर ठरावीक आयपी पत्त्यांनाच आत घेत असतील तर आधी आयटीला विचारून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी बाहेरच उभ्या राहाल. सामायिक प्रिंटरवर गोपनीय कागद काढू नये, बऱ्याच प्रिंटरांच्या आत डिस्क असते. स्क्रीनला बाजूने न दिसणारी फिल्म लावा.

घरी राहणार असाल तर डाउनलोडच्या वेगावर जाऊ नका. कॉलवर तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडने जातो. नवरा-बायको एकाच वेळी व्हिडिओवर असाल तर प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस अपलोड स्थिर मिळायला हवा. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये ठेवा. एकाच कंपनीचं घरचं नेट आणि फोन असला की दोन्ही हातात हात घालून बंद पडतात.

खुर्चीतज्ज्ञ | सोमवार, रात्री ११:४०

हॉट डेस्कवर रोज लॅपटॉप घेऊन बसणार असाल तर मानेची आधीच माफी मागून ठेवा. लॅपटॉपचा कीबोर्ड आणि पडदा एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे हात बरोबर आले की मान खाली आणि मान बरोबर आली की हात वर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनाच्या आसपास. हे जमायला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड लागतोच, म्हणजे तो रोज पिशवीतून न्या-आणा.

एक प्रश्न : नोकरी सोडली तर खुर्ची कोणाची? एचआरला तेही विचारून घ्या.

निशाचर | मंगळवार, रात्री १:२०

मी दोन वर्षं एकटा राहून घरून काम केलं. एकदा सोमवारी दुपारी कॉलवर बोलायला गेलो तर घशातून आवाजच फुटला नाही, कारण शुक्रवार संध्याकाळनंतर मी तोंडच उघडलं नव्हतं. तेव्हा घाबरलो आणि को-वर्किंग घेतलं.

तिथे चाळीस माणसं, सगळ्यांच्या कानात हेडफोन. तीन महिन्यांत एका माणसाशी बोललो, तो विचारत होता की चार्जर तुमचा का. नंतर कळलं की यात नवल नाही. बर्नस्टाइन आणि टर्बन या दोघा संशोधकांनी दोन कंपन्यांत भिंती काढून मोकळी ऑफिसं केल्यावर काय होतं ते मोजलं होतं, निबंध २०१८ चा. समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं आणि इमेल-चॅट वाढलं. लोक उघड्यावर बसले की स्वतःभोवती हेडफोनची भिंत बांधतात.

मला उपयोग कशाचा झाला? दर बुधवारी तेच चार जण त्याच टेबलावर बसू लागलो, त्याचा. जागा बदलून सोबत मिळाली नाही. तेच चेहरे परत परत दिसले तेव्हा मिळाली. आता बाकीचे चार दिवस घरीच असतो.

कानसेन | मंगळवार, सकाळी ९:३५

निशाचरच्या हेडफोनवरून आठवलं. ध्वनीचं काम करतो म्हणून राहवत नाही.

गोंगाट किती यापेक्षा त्यात शब्द आहेत का, ते महत्त्वाचं. पंख्याचा एकसारखा आवाज चालतो. माणसाचं बोलणं हळू असलं तरी आकडे-शब्द डोक्यात धरून ठेवायचं काम बिघडवतं, अगदी न समजणाऱ्या भाषेतलं असलं तरी. १९७० च्या दशकापासून हे प्रयोगात पुन्हा पुन्हा दिसलंय. सगळ्यात वाईट म्हणजे फोनवरच्या माणसाचं अर्धं संभाषण. २०१० च्या एका प्रयोगात दोघांचं पूर्ण बोलणं ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं ऐकणाऱ्यांचं लक्ष जास्त उडालं. पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज लागत नाही, म्हणून मेंदू तिकडेच कान देऊन बसतो.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसीची घरघर छान खातात, पण बोलणं पूर्ण खात नाहीत. उलट घरघर गेली की शेजाऱ्याचा शब्द न् शब्द जास्त स्वच्छ ऐकू येतो. लिहिणाऱ्या बाईंनी को-वर्किंग घ्यायच्या आधी शेजारी फोनवाले बसतात का ते बघावं.

टोचणी | मंगळवार, सकाळी १०:०१

आणि घरी कोण फोनवर असतं हेही बघावं. दारामागचीताई, 'सल्लागार' म्हणजे दिवसभर बोलणं असतं ना हो?

दारामागची | मंगळवार, सकाळी १०:१५

...

उद्या लिहिते.

घरकोंबडा | मंगळवार, सकाळी १०:४०

एक सुचवतो. तीन दिवस कागद ठेवा टेबलावर. कामातून उठलात की रेघ ओढायची आणि कोणामुळे ते लिहायचं. मी हे पहिल्या वर्षी केलं होतं. निकाल सांगणार नाही, बायको इथे वाचते.

अमुकतमुक | मंगळवार, दुपारी १२:२२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी १२:३०

घरून काम करणारे आळशी असतात की नाही यावरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. हवा असल्यास वेगळा धागा काढावा.

दारामागची | शुक्रवार, संध्याकाळी ६:४८

कागदाचा निकाल. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिळून ४७ रेघा.

लेक ९. सासूबाई ४. दारावरची बेल ६. मी स्वतःच उठले, काही कारण नसताना, ११. नवरा १७.

सासूबाईंच्या चार रेघा बघून मला लाज वाटली. मनातल्या मनात सगळं त्यांच्यावर ढकलत होते मी. त्यातल्या दोन तर 'दार लोटून घेऊ का' विचारायला आल्या म्हणून होत्या.

नवऱ्याच्या १७ पैकी तो खोलीत आला फक्त पाच वेळा. बाकीच्या बारा रेघा त्याचा आवाज भिंतीतून आला आणि मी वाक्य सोडून ऐकत बसले, त्याच्या. कानसेन, तुमचं अर्धं संभाषण. 'हो... हो... नाही, तसं नाही...' आणि मग मी विचार करत बसते की काय तसं नाही? त्याच्या एका प्रकल्पाबद्दल मला आता इतकी माहिती आहे की त्याला मी सल्ला देऊ शकेन.

मधल्या वेळात, म्हणजे गुरुवारी दुपारनंतर, को-वर्किंगची ट्रायल घेऊन आले. बुधवारी मिळाली नाही. पाच बूथ, सत्तर जागा. लिहिणं खरंच छान झालं, अडीच तास मान वर केली नाही. नंतर मानेने त्याची वसुली केली. तिनाच्या कॉलला बूथ मिळाला नाही, जिन्यात उभी राहिले. पोचायला पस्तीस मिनिटं, यायला पन्नास.

आकडेमोडे | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

जाऊन-येऊन पंचाऐंशी मिनिटं. महिन्याला बावीस दिवस धरले तर एकतीस तास. जवळपास चार कामाचे दिवस रस्त्यावर.

आणि प्रत्येक दिवशी जाल असं धरू नका. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी पास घेतलाय त्यांनी महिन्याच्या फीला प्रत्यक्ष गेलेल्या दिवसांनी भागून बघा. बावीसऐवजी नऊ दिवस गेलात तर दिवसाचा खर्च जवळपास अडीचपट होतो.

सांजसावली | शुक्रवार, संध्याकाळी ७:३२

रस्त्यावरची ती पंचाऐंशी मिनिटं माझ्यासाठी दिवसातली एकमेव अशी वेळ होती जेव्हा मला कोणी हाक मारू शकत नव्हतं. ती तोट्यातच धरायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

घरकोंबडा | शुक्रवार, संध्याकाळी ७:५५

हे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. खरंच.

टोचणी | शुक्रवार, रात्री ८:०५

४७ पैकी १७ एका माणसाच्या. बाहेर कोणी जायचं याचा विचार आपण उलट्या बाजूने करतोय असं नाही का वाटत कोणाला?

दारामागची | रविवार, रात्री १०:२०

मला वाटलं होतं. शनिवारी कागद नवऱ्यापुढे ठेवला. तो आधी म्हणाला, मी कुठे एवढा बोलतो? मग सासूबाई आतून म्हणाल्या, 'बोलतोस.' विषय संपला.

ठरलं ते असं. मी कंपनीकडून घरचा पर्याय घेतेय. (खुर्ची वर्षभरानंतर माझी, लेखी घेतलंय. खुर्चीतज्ज्ञांचे आभार.) नवरा एक महिना स्वतःच्या खर्चाने आठवड्यातले तीन दिवस को-वर्किंगला जाऊन बघणार. त्याला माणसं लागतातच, घरी बसून तो कंटाळलाय हे मला दिसत होतं आणि तो कबूल करत नव्हता.

जुना_खिळा | रविवार, रात्री १०:३१

थांबा, थांबा. दिवसभर फोनवर बोलणारा माणूस हॉट डेस्कवर? तिथले सत्तर लोक तुमच्यासारखा कागद घेऊन बसतील. त्याला केबिन बघा, नाहीतर निदान बोलायची मोकळीक असलेला भाग. बहुतेक ठिकाणी असतो.

कंसातला | रविवार, रात्री १०:४४

आणि गिऱ्हाइकांची नावं घेऊन मोकळ्या भागात बोलणार असेल तर तेही बरं नाही. दोन सल्लागारांनी मिळून दोघांची केबिन घेतलेली पाहिलीय मी, दिवस वाटून घेतात.

दारामागची | रविवार, रात्री १०:५८

हे त्याला वाचून दाखवलं. त्याच्या एका मित्राचं हेच रडगाणं आहे म्हणे, उद्या विचारतोय त्याला. तोवर मोठे कॉल मंगळवार-गुरुवारी घरून, आणि त्या दिवशी सकाळी मी वाचनालयात. वाटसरू, तुमचा रुमाल कामाला आला.

सांजसावली | रविवार, रात्री ११:१०

चांगलं झालं. पण एक विचारते, राग मानू नका. नवरा बाहेर गेला की घरी दिसणारी तुम्ही एकट्याच. बेलच्या सहा आणि लेकीच्या नऊ रेघा आता पूर्ण तुमच्या नावावर. त्याचं काय?

दारामागची | रविवार, रात्री ११:२५

राग कसला, मीही त्याच प्रश्नापाशी अडलेय. बेलचं सासूबाईंनी स्वतःहून घेतलंय. लेक शाळेतून येते त्या वेळेचं अजून काही ठरलेलं नाही. तीन दिवसांतला एक दिवस तो लवकर येणार म्हणतोय. बघू. महिन्याने पुन्हा कागद ठेवणार आहे, निकाल इथे टाकेन.

निशाचर | सोमवार, रात्री १२:४०

आणि त्या अकरा रेघा, स्वतःच उठलेल्या?

दारामागची | सोमवार, सकाळी ७:१५

त्यांचं नाव काढू नका.

घरकोंबडा | सोमवार, सकाळी ८:०२

कडी बसली का? आणि इस्त्रीचे कपडे कुठे गेले?

दारामागची | सोमवार, सकाळी ८:२०

सुतार बुधवारी येतोय. कपडे नवऱ्याच्या टेबलावर.